शब्द टाकून ठेवलाय

भिलाईत माणसाला आडनाव असतं ते रेशन कार्डापुरतं. एरवी ओळख पोलाद कारखान्यातल्या खात्यावरून. आमच्या शेजारी कोक-ओव्हनवाले काका, समोर प्लेट मिलवाले दादा, वरच्या मजल्यावर रेल मिलवाल्या काकू. काकूंनी रेल मिल बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही, पण नवरा तिथं होता, तेवढं पुरतं. रिटायर होऊन, लीजवर घेतलेल्या क्वार्टरला मार्बल बसवून झालं तरी खातं सुटत नाही. अशा गावात ज्याला खातंच नाही त्याला काय म्हणायचं? सेक्टरनं माझ्यापुरता तोडगा काढला : 'तो मेटलर्जीवाला, घरीच असतो बघा, तो.'

मेटलर्जी मी निवडली असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. 1956 साली रायपूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं तेच मुळी मायनिंग आणि मेटलर्जीचं. कोनशिला बसवली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी. पुढं 4 फेब्रुवारी 1959 ला भिलाईचा पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला, तोही राजेंद्रप्रसादांच्याच हस्ते. म्हणजे एका हातानं भट्टी पेटवली आणि दुसऱ्या हातानं भट्टीला लागणारी पोरं तयार करायची सोय केली. योजना चोख होती. मी तेवढा साठ-पासष्ट वर्षं उशिरा पोचलो.

आजोबा वेळेवर पोचले होते. तुमसरहून गाडीत बसले, इथं उतरले, रांगेत उभे राहिले. साहेबानं विचारलं, "काय येतं?" आजोबा म्हणाले, "सांगाल ते." संपला इंटरव्ह्यू. मग रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, की भाजीत मीठ बरोबर पडलं तरी आजोबा 'हाराशो' म्हणायचे. आता तेच 'सांगाल ते' बायोडाट्यात 'क्विक लर्नर' असं लिहावं लागतं आणि ते वाचून अजून कुणी कुणाला बोलावल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे कारखाना काही बसलेला नाही. सुरुवातीला वर्षाला दहा लाख टन पोलादाची क्षमता होती, ती वाढत वाढत सत्तर लाखांवर गेली. 2018 च्या जूनमध्ये पंतप्रधान येऊन विस्तारित कारखान्याचं लोकार्पण करून गेले. देशभरच्या रेल्वेला रूळ आम्ही पुरवतो, तेही वेल्डिंगनं जोडलेला 260 मीटरचा एकेक तुकडा. वाढली नाहीत ती माणसं. एकेकाळी साठ हजारांच्या वर कायम कामगार होते. आता ठेका आहे, अप्रेंटिस आहे, अनुकंपा नियुक्तीसाठी वर्षानुवर्षं बसलेली घरं आहेत, आणि अधिकाऱ्याच्या मूठभर जागांसाठी अख्ख्या देशाची परीक्षा आहे. पण ज्यांना 'सांगाल ते'वर नोकरी लागली, त्यांना हे पटवायचं कसं? त्यांच्या मते नोकरी ही कुणीतरी शब्द टाकला की लागणारी गोष्ट आहे. आणि आमच्या सेक्टरमध्ये शब्दांचा तोटा नाही.

पहिला शब्द कोक-ओव्हनवाल्या काकांनी टाकला. धमध्याकडं ओळखीच्या शेठचं कोल्ड स्टोरेज होतं. "काका, माझा विषय लोखंड."

"अरे, थंड जागा आहे बाप्पा! आयुष्यभर घाम नाही येणार."

बाबा म्हणाले, जाऊन ये, काकांचा शब्द आहे. गेलो. धमधा म्हणजे टमाट्यांचा मुलूख. गोदामात छतापर्यंत क्रेट रचलेले, स्वेटर घातलेला एक पोऱ्या आणि त्याहून जाड स्वेटरमध्ये शेठ. त्यांनी चहा मागवला आणि गंभीरपणे विचारलं, "टमाटर के बारे में क्या जानते हो?" मला जे माहीत होतं ते भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याइतपतच. मी तसं सांगितलं. शेठ भला माणूस. म्हणाला, "लोहे का जानते हो ना? तो ये पाइप देख लो." अमोनियाचा पाइप होता. वरचं इन्सुलेशन एका जागी फाटलं होतं आणि आत ओल धरून गंजाचे पापुद्रे सुटत होते. मी बोटानं एक पापुद्रा उचलला, कुठला तुकडा बदलायचा ते खडूनं दाखवलं, आणि वेल्डिंग करण्याआधी लाइन पूर्ण रिकामी करा, हे दोनदा बजावलं. शेठनं हात जोडले आणि निघताना स्कूटरवर टमाट्यांचा क्रेट ठेवला. काकांनी सेक्टरभर सांगितलं, पोराचा पहिला पगार झाला. आठवडाभर आमच्याकडं सारापासून चटणीपर्यंत पहिला पगारच चालला होता.

मग प्लेट मिलवाले दादा. त्यांनी सुचवली ती कॉलेजच्या ग्रंथालयातली जागा. रेल मिलवाल्या काकूंनी आधी एलआयसीची एजन्सी आणली, मग एका शाळेच्या ऑफिसातलं क्लार्कचं काम. दुर्गच्या सराफ्यातली एक पेढीही कुणीतरी काढली, "मेटलच ना शेवटी? सोनं काय मेटल नाही का?" या बिनतोड युक्तिवादासकट. आणि आजोबांच्या एका दोस्ताचं म्हणणं पडलं, की मैत्रीबागेत विचारून बघ. तिथल्या पांढऱ्या वाघांचे पिंजरे पावसाळ्यात गंजत असतील. हसू नका. गंज हा आम्हाला अख्खा पेपर असतो. इतक्या शिफारशींत माझ्या अभ्यासक्रमाच्या सर्वांत जवळ पोचलेली शिफारस वाघाची होती.

पुढंपुढं मला यातलं एक सूत्र दिसायला लागलं. कोक-ओव्हनवाल्या काकांची हयात बाराशे अंशांच्या दारात गेली. त्यांनी आणलेली प्रत्येक नोकरी गार असायची : कोल्ड स्टोरेज, बर्फाचा कारखाना, एसीची शोरूम. प्लेट मिलच्या दणक्यानं दादांचा एक कान गेला. ते कायम शांत जागा शोधायचे, ग्रंथालय, म्युझियम, एकदा तर स्मशानाजवळची नर्सरी. रेल मिलवाल्या काकूंनी संसार नाइट शिफ्टमध्ये केला, घरात दिवसा नवरा झोपलेला आणि पोरांच्या तोंडावर हात. त्यांच्या सगळ्या नोकऱ्या दहा ते पाच. माझ्या डिग्रीशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. प्रत्येक जण आपली राहून गेलेली नोकरी माझ्या नावानं शोधत होता. हे कळल्यापासून नाही म्हणणं फार जड जायला लागलं, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा स्कूटरच्या पेट्रोलला जास्त झाला.

सरकारी वाट वेगळी. त्या वाटेवर रोजगार कार्यालय लागतं. छत्तीसगडात नोकरीच्या जाहिरातीत 'रोजगार कार्यालय का जीवित पंजीयन' मागतात. ठरल्या मुदतीत नूतनीकरण केलं नाही, तर तुम्ही हयात असून तुमची नोंदणी वारते. या कार्यालयांमागचा तेव्हाचा कायदाही भिलाईच्या भट्टीच्याच वर्षाचा होता, 1959 चा. मी तो मुद्दाम वाचला, वेळ होता. पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं ठेवणाऱ्या खासगी मालकानं रिकाम्या जागा कार्यालयाला कळवायच्या, हे बंधन होतं. कार्यालयानं पाठवलेला माणूस घ्यायचा, हे बंधन नव्हतं. म्हणजे लग्नाची पत्रिका पाठवायची सक्ती, पंगतीला बसवायची नाही. 2023 च्या एप्रिलपासून राज्यात महिना 2500 रुपये बेकारी भत्ता सुरू झाला तेव्हा आजोबाच म्हणाले, निदान ते तरी घे. पण घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं होतं आणि बाबा प्लांटमध्ये. नोकरीला तर मी अपात्र होतोच, आता बेकारीलाही रीतसर अपात्र ठरलो.

म्हणून मशिनकडं वळलो. मशिनला खातं नाही, कान नाही, राहून गेलेलं काही नाही. ते निष्पक्षपणे फक्त तुमची लायकी बघणार, असा माझा समज. नोकऱ्यांच्या एका साइटवर बायोडाटा चढवला. मेटलर्जीचे शब्द पोटभर घातले, कारण भरतीवाले आता बायोडाटा वाचत नाहीत, शब्द चाळतात. दुसऱ्या दिवसापासून 'खास तुमच्यासाठी' निवडलेल्या नोकऱ्या यायला लागल्या. 'कंटिन्युअस कास्टिंग' वाचून मुंबईच्या मालिकेत नायकाच्या भावाची भूमिका. 'हीट ट्रीटमेंट' वाचून इंदूरचं स्पा. 'रोलिंग'वरून फ्रँकीचा गाडा. आणि 'पिकलिंग'वरून थेट फोन. नागपूरच्या एका मसाले-लोणचीवाल्यांकडून, मराठीत.

बाईंचा आवाज फार मायेचा होता. "तुम्ही पिकलिंग केलंय म्हणे?"

"हो. ट्रेनिंगमध्ये दीड महिना."

"छान. काय वापरता?"

"हायड्रोक्लोरिक. कधी सल्फ्युरिक."

पलीकडं थोडी शांतता. "व्हिनेगर नाही?"

"नाही, त्यानं स्केल निघत नाही."

"बरं. मुरवता किती दिवस?"

"दिवस कशाला? दहा-पंधरा मिनिटांत होतं. मग काढून स्वच्छ पाण्यानं धुतो."

"लोणचं धुता?"

इथं माझ्या डोक्यात उजेड पडला, पण बाईंच्या डोक्यात दुसराच पडला असावा. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पंधरा मिनिटांचं तुम्ही अजून कुणाला सांगितलं का?" मी तापलेल्या पोलादावर चढणारा थर, तो ॲसिडनं काढणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "शिकलेले दिसता. मार्केटिंगला याल का?" एवढ्या काळात माझा विषय शेवटपर्यंत ऐकून घेणारी ही पहिलीच व्यक्ती. पगार विचारायचं भान राहिलं नाही, इतका मी भारावलो होतो. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, काय झालं? सांगितलं. ती म्हणाली, "मग जायचं होतंस. घरचं लोणचं तरी सुटलं असतं."

आईकडं अशा प्रसंगांसाठी एक ठेवणीतलं नाव आहे : मुक्तिबोध. भिलाईपासून राजनांदगाव हाकेच्या अंतरावर, आणि गजानन माधव मुक्तिबोध आपल्यातले, घरात मराठी बोलणारे. लिहिलं हिंदीत, धाकटा भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत कवी. या माणसानं उज्जैन, कोलकाता, इंदूर, मुंबई, बेंगळुरू, बनारस, जबलपूर, नागपूर इतक्या गावांत पोटासाठी कामं धरली आणि सोडली. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली ती 1958 साली, चाळिशी गाठल्यावर. "बघ," आई म्हणते, "त्यांनासुद्धा एवढं फिरावं लागलं." दिलासा म्हणून हे ठीक आहे. पण त्यानंतर सहाच वर्षांत ते गेले, हे आई सांगत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. आजोबांचा आक्षेप मात्र रोखठोक : "ते कविता करत होते. हा काय करतो?"

पुण्यालाही एकदा जाऊन आलो, आझाद हिंदनं, वेटिंगच्या तिकिटावर दुर्ग ते पुणे. खाली रूळ आमचेच असणार, वर बूड टेकायला जागा नाही. तिथं एका कंपनीत मॅनेजरनं बायोडाटा वाचून कौतुकानं विचारलं, "भिलाईचे? मग इकडं कशाला आलात? तिथं तर एवढा मोठा प्लांट आहे!"

शेवटी काम मिळालं ते घरापासून दोन चौकांवर, कुणीही शब्द न टाकता. भिलाईत पोलादानंतरचा मोठा धंदा कोचिंगचा. आयआयटीला पोरं पाठवायची या गावाला जुनी खोड. आता तर 2016 साली निघालेली आयआयटीच इकडं आली. एका क्लासला केमिस्ट्रीचा मास्तर हवा होता. मालकानं विचारलं, "क्या-क्या पढ़ा लोगे?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "जो बोलोगे." सोमवारपासून ये म्हणाला. आजोबांना सांगितलं, तर त्यांनी फक्त 'हाराशो' म्हटलं आणि पेपर पुन्हा उघडला.

मला वाटलं, आता शब्द टाकणं थांबेल. सेक्टरमध्ये पेढे वाटले. कोक-ओव्हनवाल्या काकांनी पेढा खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "हे टेम्पररी झालं. मास्तरकीतच जायचं तर एक फर्स्टक्लास जागा आहे. राजनांदगावला भाच्याच्या मित्राचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे. शब्द टाकून ठेवलाय."

"काका, मला चारचाकी येत नाही."

"तुला शिकवायचंय रे," काका म्हणाले. "चालवायला कोण सांगतंय? आणि गाडीत एसी आहे."