वाडीपर्यंत न चढलेला इशारा

‘आम्ही इशारा दिला होता.’ दुर्घटनेनंतर हे वाक्य ऐकले की संताप येतो. इशारा दिलेला असतो, हे खरेच. पण तो कुणाच्या हातात पडला आणि त्या माणसाने मग कुठे जायचे होते, हे सांगायला कुणी पुढे येत नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नाही, पायवाटेची दमछाक करणारी चढण. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे सापडलीच नाहीत. तिथे तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाला होता, हे दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगण्यात आले. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही तिथेच कळले. हा पावसाचा आकडा सभागृहाच्या आधी वाडीत पोचायला हवा होता. पहिल्या दोनशे मिलिमीटरलाच.

त्याच वर्षी दूरसंचार विभागाने मोबाइलवरच्या आपत्ती-इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या. खिशातले फोन एकदम कर्कश वाजले आणि लोक दचकले. तंत्र उत्तम आहे. ते सेल ब्रॉडकास्टचे आहे. त्यात एकेका नंबरला एसएमएस जात नाही. टॉवरच्या टप्प्यात जितके फोन चालू असतील तितक्यांवर संदेश एकदम उमटतो, त्यामुळे नेटवर्कवर ताण आला तरी तो अडकत नाही. हे हवेच. पण जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण आणि महाडमध्ये वीज गेली, पाठोपाठ फोनही मुके झाले. पाऊस जिथे सर्वांत जास्त, टॉवर तिथेच आधी बंद पडतो. म्हणून फोनच्या जोडीला बॅटरीवर चालणारा भोंगा आणि पायी फिरणारा माणूस लागतो. यातला एकही पर्याय दुसऱ्याची जागा घेत नाही.

आता संदेशात काय असते ते पाहा. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार, नागरिकांनी सतर्क राहावे. पुणे जिल्ह्यात माळीणही येते आणि इंदापूरही. एकीकडे डोंगर पाण्याने फुगलेला, दुसरीकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला. हवामान खाते अलीकडे घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देऊ लागले आहे, आणि ही सुधारणा मोलाची आहे. अजून दोन पायऱ्या खाली उतरायचे आहे: तालुका, मग वाडी. कोणता उतार नेमका कधी सुटेल हे आज कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. सलग तीन दिवस किती पाऊस पडला, हे मात्र शाळेच्या पटांगणात ठेवलेले साधे पर्जन्यमापकही सांगते.

पुणे शहरात तरी काय वेगळे? 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणाचा विसर्ग 35 हजार क्युसेकपर्यंत गेला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले. माणसे झोपेत होती. क्युसेक हे पाटबंधारे खात्याचे माप. तळमजल्यावरच्या आजींना त्याचा काय उपयोग? त्यांना हवे असते ते असे: दोन तासांत तुमच्या पार्किंगमध्ये कमरेइतके पाणी येईल, गाड्या हलवा, वर या, इतक्या वाजता वीज बंद करू. कोणत्या विसर्गाला कोणती इमारत बुडते, हे एव्हाना नदीकाठच्या प्रत्येक वॉचमनला पाठ आहे. ते कागदावर आणायला अडचण कसली?

माळीणची आठवण होते. 30 जुलै 2014 च्या सकाळी गाव ढिगाऱ्याखाली गेले आणि बाहेर पहिली खबर आणली ती एसटीच्या चालकाने. बस नेहमीप्रमाणे आली, पण गाव जागेवर नव्हते. 151 माणसे गेली. त्या दुर्गम कोपऱ्यातही रोज पोचणारी एक सरकारी व्यवस्था होती. आदल्या रात्रीचा पावसाचा हिशेब घेऊन जाणारी नव्हती.

इशारा दारापर्यंत कसा पोचवायचा, हे ओडिशाने करून दाखवले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. 2019 मध्ये ‘फनी’ आले तेव्हा सुमारे 12 लाख लोकांना आधीच हलवले होते. मृतांचा आकडा 64 वर थांबला. वादळ चार दिवस आधी दिसते, दरड दिसत नाही, हा फरक मान्य. पण तिथे केवळ उपग्रहाने काम भागले नाही. किनाऱ्यावर पक्के निवारे उभे होते, आणि दारोदार जाऊन ‘चला’ म्हणणारे हजारो स्वयंसेवक होते. त्या माणसांची तयारी वर्षभर चालते, वादळाच्या आठवड्यात नव्हे.

आपल्याकडे अशी माणसे आहेतच. पोलीस पाटील आहे, कोतवाल आहे, आशाताई आहे. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहे, कोण बाळंतीण आहे, हे आशाताईंना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आधी ठाऊक असते. त्यांना पर्जन्यमापक द्या, भोंगा द्या, पावसाळ्याचे वेगळे मानधन द्या. कितीव्या मिलिमीटरला वाडी सोडायची आणि कोणत्या शाळेत जायचे, ते आधी ठरवा. तिथे तांदूळ, दिवे, स्वच्छतागृह आणि गुरांना बांधायला जागा ठेवा. गोठ्यात म्हैस सोडून कुणी निघत नाही. मेअखेरीस एकदा सगळ्या वाडीने ती वाट चालून पाहावी.

आणि निर्णय उजेडातच व्हायला हवा. इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा रात्र झाली होती. त्या वेळी मुसळधार पावसात कुणाला कुठे हलवणार? म्हणून संध्याकाळी पाचच्या आत वाडी खाली करण्याचा अधिकार तहसीलदाराच्या फोनची वाट न पाहता तलाठी आणि पोलीस पाटलाला लेखी द्या. दहापैकी नऊ वेळा काहीच घडणार नाही आणि लोक सकाळी चिखल तुडवत परत येतील. त्या नऊ रात्रींचा जेवणाचा खर्च सरकारने विनातक्रार भरावा, बुडालेली मजुरीही द्यावी, आणि हाक देणाऱ्या तलाठ्याला एका ओळीचीही नोटीस काढू नये.