एक मूल जादा

कासारवाडीत कुणाच्या गॅलरीतून जरासा धूर निघाला, तर बंब यायच्या आत चार रिटायर्ड सेफ्टीवाले तिथं पोचतात आणि पाणी मारायचं की पावडर, यावर त्यांची जुंपते. एका अंगाला जुना मुंबई-पुणे हायवे, दुसऱ्या अंगाला लोकलचे रूळ, डोक्यावर मेट्रो आणि चहूकडे कारखाने, अशा गावात दुसरं काय पिकणार? माणसं कंपनीतून निवृत्त होतात ती ग्रॅच्युइटी आणि एक खोड घेऊन. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं, की नवरा-नवरीच्या आधी ती बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधतात.

आमच्या सोसायटीच्या उन्हाळी शिबिराला असेच एक काका लाभले. त्याआधी शिबिराची आणीबाणीची व्यवस्था सोपी होती. काही झालं की आईला हाक मारायची. ही व्यवस्था वर्षानुवर्षं उत्तम चालली, कारण आई दुसऱ्या मजल्यावरच असायची. एप्रिलच्या मीटिंगमध्ये काकांनी विचारलं, "आई घरी नसली तर?"

"आजीला," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे आजी हा तुमचा ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन!" काकांनी चष्मा काढला. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यांना असा प्लॅन सक्तीचा झाला, हे त्यांनी कलमासकट सांगितलं. त्या कायद्यानं हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा, हेही सांगितलं. आपल्याकडे मुलं चाळीसच आहेत, असं कुणीतरी भीत भीत म्हणालं. "एक मूल बरोबर पंचवीस कामगार," काका म्हणाले. "करा गुणाकार." गुणाकार हजार आला. सेफ्टी ऑफिसर नेमले गेले.

त्याच कायद्यानं दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी लागायची. काकांच्या गुणाकारानं आमच्या वाट्याला सात पेट्या येत होत्या. खजिनदारांनी एक मंजूर केली, तीही दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात. बँडेजला शेवटपर्यंत काजूकतलीचा वास येत होता आणि त्यामुळे लहान गटात किरकोळ जखमांचं प्रमाण वाढलं.

मग रविवारी आम्हा 'स्टाफ'चं प्रशिक्षण. स्टाफ म्हणजे चित्रकला शिकवणारी बी.कॉम.ची ताई, कबड्डीचा दादा, योगाच्या मॅडम, गोष्टी सांगणाऱ्या आजी, 'बिनविस्तवाचा स्वयंपाक' घेणाऱ्या वहिनी आणि हजेरीची वही सांभाळणारी मी. काकांनी सुरुवात केली ती १४ एप्रिल १९४४ पासून. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला, आग विझवता विझवता ६६ जवान गेले, म्हणून त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. "त्या जहाजात काय होतं? कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा. एकाच जहाजात! आणि सोन्याच्या विटा. स्फोटात त्या उडाल्या."

"मग मिळाल्या का?" वहिनी पुढं सरकल्या.

काकांना अपेक्षित प्रश्न कापसाबद्दलचा होता. पुढं मुलांना हीच हकिगत सांगितली तेव्हाही सगळा वर्ग विटांपाशीच अडला. त्यानंतर काकांनी विटा वगळल्या आणि हकिगतीतला जीवच गेला.

"समजा, मुलाच्या नाकातून रक्त येतंय. काय कराल?"

"कांदा फोडून हुंगवायचा!" आजी.

"मान मागं टाकायची!" दादा.

"डोक्यावर गार पाणी," योगाच्या मॅडम.

"मान मागं टाकली की रक्त घशात जातं," काका म्हणाले. "मान जरा पुढं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, तोंडानं श्वास घ्यायला सांगा, दहा मिनिटं सोडू नका."

"आणि कांदा?"

"कांदा भेळेत घाला, आजी. आता फिट आली तर?"

"चप्पल!" या उत्तरावर मात्र पूर्ण एकमत होतं. मतभेद होता तो चप्पल कातड्याची की रबराची यावर. हल्ली सगळ्या चपला प्लास्टिकच्या, म्हणून गुण येत नाही, असं आजींचं निदान. काकांनी शांतपणे सांगितलं, की कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. दादानं 'घड्याळ बघायचं' हे लिहून घेतलं आणि स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडं पाहिलं.

भाजण्यावर टूथपेस्टचा प्रस्ताव आला, तो काकांनी फेटाळला. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. इथं खजिनदार उठले. "वीस मिनिटं नळ? मे महिन्यात?" प्रश्न रास्त होता. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. "मग काय, पाण्याच्या दिवशीच भाजून घ्यावं, अशी सूचना लावू का फळ्यावर?" काका कडाडले. तोडगा म्हणून तोटीचं एक निळं पिंप 'फक्त भाजण्यासाठी' अशी चिठ्ठी लावून भरून ठेवलं. त्यावर पहिल्याच दिवशी एका पालकांनी सेक्रेटरींना फोन करून शिबिरात नक्की काय शिकवता, असं विचारलं.

उन्हाच्या तडाख्याचा विषय मात्र आजींनी एकहाती जिंकला. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण काका वहीत शोधत होते तोवर आजींनी ते सांगूनही टाकलं. चमचा कोणता, चहाचा की वाढायचा, हेही बजावलं. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी 'मॅडम' म्हटलं.

खरी गंमत फोनची. अपघाताला सगळे धावतात आणि फोन दुसऱ्यानं केला असेल असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून काकांनी फोनचं काम बोट दाखवून चित्रकलेच्या ताईला दिलं. "ॲम्ब्युलन्सला पत्ता सांग."

"नाशिक फाट्याजवळ."

"पुलावरून की पुलाखालून?"

ताई गप्प. गप्पच बसणार. नाशिक फाट्याचा तो दुमजली पूल जे.आर.डी. टाटांच्या नावाचा आहे. त्यावर चुकीच्या फाट्यानं चढलं, की माणूस भोसरीकडे तरी निघतो नाहीतर पिंपळे सौदागरकडे. त्यात ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा नाशिक फाट्याच्या स्टेशनला नाव दिलं भोसरी, आणि भोसरी तिथून चांगली लांब. भल्या माणसांना दिवसाढवळ्या सापडत नाही तो पत्ता घाबरलेली ताई काय सांगणार? शेवटी काकांनी तो लिहूनच काढला. कुठल्या बाजूनं वळायचं, कुठं आत शिरायचं, गेटवर कोण उभं राहील आणि हात कोण करील. कागद फोनच्या शेजारी चिकटवला. माझ्या मते त्या अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात शहाणं पान तेच. आता आमचे पाहुणेसुद्धा त्यावरूनच येतात.

हवेचा विषय काकांनी हसण्यावारी नेऊ दिला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्याच महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली होती. सकाळी पोहायला आलेल्यांना श्वास घेता येईना, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, तो खाली बसतो. "तुमचं नाक पाच फुटांवर आहे," काका म्हणाले. "बालगटातल्या पोराचं अडीच फुटांवर. आधी त्याला लागणार." म्हणून पार्किंगच्या तळघरात पळायचं नाही, उंचावर जायचं, आणि वारा जिकडून येतो तिकडच्या अंगाला सरकायचं, पण वायूच्या ढगातून नव्हे, बाजूनं. वारा कळावा म्हणून गच्चीवर बांबू उभारून त्याला एका आजोबांचा जुना लेंगा बांधला. बाकी प्रशिक्षण आम्ही विसरलो असू, पण अजूनही रस्त्यात कसला वास आला, की सोसायटीतली मुलं मान वर करून आधी लेंगा बघतात.

शिबिर सुरू झालं आणि काकांनी भिंतीवर एक त्रिकोण काढला. हाइनरिख नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९३१ साली मांडलेला. ३०० वेळा थोडक्यात निभावतं, तेव्हा २९ किरकोळ अपघात होतात आणि एक मोठा. म्हणून थोडक्यात निभावलेलं सगळं 'निअर मिस'च्या वहीत लिहायचं. पोरांनी वही डोक्यावर घेतली. 'सुतळीत पाय अडकणार होता.' 'ताई रागावणार होती.' 'कबुतर वरून गेलं, पण शेजारच्यावर पडलं.' तिसऱ्या दिवशी एक चश्मीस मुलगा काकांना म्हणाला, "काका, तीनशे झाले. आता मोठा अपघात कधी?"

काकांनी दुसऱ्याच दिवशी मॉक ड्रिल लावलं.

इशारा कशानं द्यायचा यावर आधी बराच खल झाला. शिट्टी वाजवली तर कबड्डीवाले 'आउट' होऊन बाजूला बसतात. थाळी वाजवली तर सगळे ताटल्या घेऊन थाळीकडेच धावतात. रेल्वेचा हॉर्न आणि कंपनीचा भोंगा तर इथल्या मुलांच्या कानात जन्मापासून आहेत, त्यांच्यासाठी कुणी मान वळवत नाही. काकांनी कुठूनसा हातानं फिरवायचा सायरन पैदा केला.

अकरा वाजता तो घुमला. योगाचा गट शवासनात होता, तो हललाच नाही, कारण मॅडमनी 'मी सांगेपर्यंत उठायचं नाही' असं बजावलं होतं आणि मॅडम स्वतः प्लॅनप्रमाणे केव्हाच बाहेर पळाल्या होत्या. चित्रकलेचा गट ओली चित्रं अधांतरी सांभाळत चालत आला. बिनविस्तवाचा स्वयंपाक भेळेसकट आला. "सामान सोडून पळायचं!" काका ओरडले. "भेळ मऊ पडली असती," वहिनी म्हणाल्या. असेंब्ली पॉइंटच्या हिरव्या पाटीखाली पाण्याचा टँकर उभा होता, म्हणून सगळे टँकरच्या मागं दाटीवाटीनं उभे राहिले.

मोजणी माझ्याकडे. मी मोजली. एकेचाळीस.

पुन्हा मोजली. दादानं मोजली. काकांनी स्वतः, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजली. एकेचाळीस. नावं पुकारली तर चाळीसच्या चाळीस हजर. काकांनी प्लॅनची फाइल उघडली. मूल कमी पडलं तर काय करायचं यावर पूर्ण पान होतं: शोधायला कोण जाणार, कोण जाणार नाही, गेट कोण बंद करणार, ११२ ला कधी कळवायचं. मूल जादा झालं तर काय, यावर एक ओळ नव्हती. कारखान्यात जादा माणूस सापडला तर गेटपास विचारतात. काकांनी तेच केलं. रांगेच्या शेवटी, पुडीत तोंड घालून बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या एका अनोळखी पोरासमोर ते वाकले.

"गेटपास?"

"नको. भेळ."

इतक्यात शेजारच्या सोसायटीतून एक बाई धावत आल्या. चार मजले, गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्ट सगळं पालथं घालून झालं होतं, आवाज बसला होता. पोराला पाहून त्या मटकन खाली बसल्या. आजींनी लगेच साखर-मिठाचं पाणी पुढं केलं, प्रमाणात.

"तुमच्याकडे एक कमी होतं?" काकांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"आमच्याकडे एक जादा!" काकांचा चेहरा उजळला. "टॅली झालं!" त्या बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती निअर मिसमध्येच धरायला हवी होती.

नोंद करायची म्हणून काकांनी वही मागवली. ती पोरांनी कधीच भरून टाकली होती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी रकाने आखले. घटना: परकं मूल आत. कारण: भेळ. उपाय या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"उपाय राहू द्या, काका," वहिनी पुड्या गोळा करत म्हणाल्या. "उद्या शेवपुरी आहे. जादा किती धरू, तेवढं सांगा."