अन्नदानेच्छू स्वयंसेवकांनी पाळावयाचे नियम

भुकेल्यांना जेवण आणि आयांना पोषणाची माहिती देणारी एखादी संस्था आपल्याही शहरात असते. तिथे काम करावे असा विचार मनात आल्यास घाई करू नये. आधी तो दोन-चार ग्रुपवर कळवावा, अभिनंदने स्वीकारावीत आणि मग पुढील नियम पाळावेत.

१. मुहूर्त. दिवाळी, १५ ऑगस्ट किंवा स्वतःचा वाढदिवस, यांपैकी एक दिवस निवडावा. त्या दिवशी वस्तीत आधीच चार मंडळे लाडू वाटून गेलेली असतात. खचून न जाता पाचवा लाडू द्यावा. मे महिना मात्र कटाक्षाने टाळावा. शाळेतले दुपारचे जेवण ही केंद्राची योजना १९९५ सालच्या १५ ऑगस्टला सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. शहरातल्या शाळेला सुट्टी लागली की ती खिचडीही सुट्टीवर जाते आणि दुपारच्या त्या ताटाचा भार घरावर पडतो. संस्थेला तेव्हाच माणसांची चणचण असते, पण आपले महाबळेश्वरचे बुकिंग जानेवारीतच झालेले असते.

२. शिधा. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल अशी यादी संस्थेने पाठवली असल्यास ती वाचू नये. दात्याची कल्पकता मारली जाते. मुदत उलटलेले ओट्स आणि हौसेने आणून न आवडलेला क्विनोआ द्यावा. सोसायटीतून तांदूळ गोळा करताना कोलम, बासमती, उकडा सगळे एकाच पोत्यात ओतावे. कोलमाचा गिचका होईपर्यंत उकडा कच्चाच राहतो, त्यामुळे एकाच पातेल्यात दोन प्रकारचा भात मिळतो.

३. कार्यातले उरलेले. रात्री साडेअकराला फोन करून "दोनशे माणसांचे पनीर उरलंय, लगेच गाडी पाठवा, हॉल रिकामा करायचाय" असे सांगावे. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राखले नाही, तर दोन तासांत खाऊन संपवायला हवे. त्यामुळे पलीकडचा कार्यकर्ता "कधी शिजवलंय?" असे विचारील. हा दात्याचा अपमान समजावा. आचारी घरी गेलेला आहे आणि पनीर सात वाजल्यापासून बुफेत बसले आहे, हे त्याला सांगण्याची गरज नाही.

४. पोषण प्रबोधन. बायकांना दुपारी कामाच्या वेळी जमवावे व ब्रोकोली, बदाम आणि अ‍ॅव्होकाडो यांचे महत्त्व पटवावे. "ताई, शेवग्याचा पाला चालंल का? दारातच झाड हाय," असे कुणी विचारल्यास "हो, चालेल" म्हणून पुढची स्लाइड लावावी. रक्तक्षयावर कळकळीने बोलून झाल्यावर जेवण वाढावे आणि जेवणाबरोबरच सर्वांना कडक चहा द्यावा. चहाने जेवणातले लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळले तर जास्त लागते, ही माहिती शेवटच्या स्लाइडवर असते. तिथवर कुणीच पोचत नाही.

५. मोजमाप. अंगणवाडीत सेविकाताई दंडघेराची पट्टी हाती देतील. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध मोजायचा. पट्टी सैल नको, आवळलेलीही नको. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. मूल रडते, हात ओढून घेते, पुन्हा मोजावे लागते, मग आकडा वहीत चढवावा लागतो. यात फोटो मुळीच चांगला येत नाही. सबब पट्टी बाजूला ठेवून मूल कडेवर घ्यावे. शक्यतो हिरव्यातले घ्यावे, ते हसते. लाल निघालेल्या मुलाला दवाखान्यात दाखवून पुढच्या आठवड्यात पुन्हा बघावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात आपण नसतो.

६. धोक्याची लक्षणे. काही स्वयंसेवकांत पुढील विकार आढळले आहेत: ठरल्या वारी, ठरल्या वेळी येणे, "काय करू?" असे सेविकाताईंना विचारणे व त्या सांगतील तेच करणे, मूल ठेवण्याआधी वजनकाटा शून्यावर आहे ना हे पाहणे, उलटून गेलेल्या तारखेचे पाकीट दात्यासमोरच परत करणे. अशा माणसावर वरील नियमांचा काही परिणाम होत नाही. त्याला बॅनरमागे उभे करण्याचा प्रयत्नही करू नये. फोटोची वेळ झाली की तो नेमका मोरीत पातेली घासत असतो, आणि हाक मारली तर "तुम्ही काढा, मला अजून दोन राहिलीत," म्हणतो.