ओढतो तो बैल, उभा राहतो तो साहेब

ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या संभाजीनगर (तेव्हाच्या औरंगाबाद) जिल्ह्यातल्या धनिकांनी एकदम 150 मर्सिडीज विकत घेतल्या आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे साऱ्या देशाने माना वळवून पाहिलं. सौदा सुमारे 65 कोटींचा. त्यातले 44 कोटींच्या आसपास स्टेट बँकेने कर्जाऊ दिले, तेही सात टक्क्यांनी. याच जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कर्जाला पंधरा-सोळा टक्के व्याज लागल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी पुढे लिहून ठेवलं. तेव्हा लोकांनी बँकेला उगाच नावं ठेवली. बँकेचा हिशेब चोख होता. ट्रॅक्टर नांगरणार, ओढणार, झिजणार, आणि पावसाने दगा दिला की हप्ता थकवणार. मर्सिडीज काहीच ओढत नाही, तर थकेल कशाने? काम करणारी वस्तू म्हणजे जोखीम आणि न करणारी म्हणजे पत, हा अर्थशास्त्राचा धडा जिल्ह्याने त्या दिवशी गिरवला.

पैठण तालुक्यातल्या आमच्या पाचोडला हा धडा उशिरा पोचला, पण पक्का पोचला.

पिकप तशी पाचोडला नवी नाही. पिवळ्या पाटीची पिकप तर गावाची कमावती सून. कागदावर तिची क्षमता दीड-पावणेदोन टन असते, पण कागद कपाटात असतो आणि माल हौद्यात. आंबे बहाराची मोसंबी मार्केटला नेणं, बाजारात शेळ्या नेणं, लग्नाला वऱ्हाड नेणं, गणपतीला डीजे आणि सभेला कार्यकर्ते नेणं, एवढं सगळं ती एकाच क्लचवर करते. पाटे बसले की नवे टाकतात, फाळक्याची कडी तुटली की तार बांधतात. धुवायची वेळ आली तर पाऊस आहेच. तिला कुणी ‘गाडी’ म्हणत नाही. ‘पिकप लावून दे’ म्हणतात, गडी लावून दे म्हणतात तसं. 2005 साली टाटांनी आणलेल्या त्या चिमुकल्या मालगाडीचं तर लोकांनी बारसंच ‘छोटा हत्ती’ असं करून टाकलं. हत्तीला आपल्याकडे मान आहे, पण तो देवळाबाहेरच्या हत्तीला. लाकडं ओढणाऱ्या हत्तीला नाही.

मान आहे तो पांढऱ्या पाटीच्या पिकपला. ही वेगळी जात. 2016 साली इसुझूची व्ही-क्रॉस भारतात आली आणि 2022 साली टोयोटाची हायलक्स चौतीस लाखांपासून पुढच्या किमतीत उतरली. मागे हौदा आहे, पण माल भरण्यासाठी नाही. पुढे चार दारं आहेत, चारही चाकांना ताकद आहे, इंजिन 2.8 लिटरचं, 204 अश्वशक्तीचं. ऑस्ट्रेलियात हीच गाडी साडेतीन टनांचा ब्रेकवाला ट्रेलर ओढते म्हणे. तिकडचे लोक तिला बोट, घोड्यांची पेटी किंवा चाकांवरचं घर अडकवून सुट्टीला निघतात. आपल्याकडे 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या, म्हणजे वीस-एक टनांचं ओझं, रात्री विहामांडव्याच्या कारखान्याकडे ओढत नेतो. मागे दिवा नसतो, पुढे मात्र गाणं जोरात असतं. अश्वशक्तीच्या हिशेबाने हायलक्सने अख्खा कारखानाच ओढून पाचोडला आणायला हवा. पण तिला असं कोणी सांगत नाही. साहेबाला पोतं उचलायला सांगतात का?

आमच्या या कथेतले आबा मोसंबीचे बागायतदार. यंदा भाव बरा लागला, टनाला दोन पैसे जास्त मिळाले, आणि आबांच्या मनात ओढणारी मोठी गाडी आली. गरज अगदी खरी होती. उन्हाळ्यात टँकर ओढायचा, खताची ट्रॉली ओढायची, पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेलं वाहन टोचन लावून काढायचं. आबा शहरातल्या शोरूमला गेले. तिथल्या टाय लावलेल्या पोराने त्यांना थंड पाणी दिलं आणि ‘सर’ म्हटलं. चौतीस लाखांपैकी निम्मे तर आबांनी तिथेच मनातल्या मनात देऊन टाकले.

“ओढती किती?” आबांनी मुद्द्याचं विचारलं.

“सर, बाहेरच्या देशांत साडेतीन टन.”

“आन् इथं?”

“इथं सर, ही लाइफस्टाइल आहे.”

“म्हंजी?”

“म्हणजे तुम्हाला काही ओढायची गरजच पडत नाही.”

आबा क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “मंग हे आधी कामून नाही सांगितलं?” पुढचा सौदा रंगावर झाला.

पोराचंही काही चुकलं नव्हतं. आपल्या कायद्यालाही ओढणं फारसं पसंत नाही. 2017 पर्यंत लागू असलेली 1989 ची रस्ता-नियमावली काढून बघा. एका मोटारीने दुसरं काही ओढायचं तर ते बंद पडलेलं वाहन हवं, अर्धवट जोडणी झालेलं वाहन हवं, नोंदणी झालेला ट्रेलर हवा, नाहीतर साइडकार. ट्रेलर किंवा साइडकार सोडून दुसरं काही ओढताना वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नको. दोन्ही वाहनांमधलं अंतर पाच मीटरच्या वर नको. दोर किंवा साखळी इतरांना लांबून दिसली पाहिजे. आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर, किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत, ‘ऑन टो’ असं लिहिलेलं पाहिजे. पाचोडच्या चौकात अशी पाटी लावून कुणाला नेलं, तर गाव आधी त्याच्या घरी भेटायला जाईल. म्हणजे ज्याला कायद्याने ओढायचं त्याने ट्रेलरची नोंदणी करावी, विमा काढावा, पाटी रंगवावी. ज्याला ओढायचं नाही त्याने फक्त नारळ फोडावा.

आबांनी नारळ फोडला. पेढे वाटले. एमएच 20 चं पासिंग झालं, आकडा खास मागून घेतला. पुढे भारदस्त बुलगार्ड बसवलं. असल्या गार्डांवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं, कारण धडकेत त्याने पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि गाडीतल्या माणसालाही. पण गार्ड म्हणजे काही धडकण्यासाठी नसतं. ते समोरच्याने बाजूला होण्यासाठी असतं. मागे टोचनाचा हूक बसवला, तोही क्रोमचा. काचेवर आधी आई-वडिलांचा आशीर्वाद चिकटवला, त्याखाली नेत्याचा फोटो, आणि उरलेल्या जागेतून रस्ता.

मग मालकीचे दिवस सुरू झाले. या दिवसांत सगळ्यात जास्त परीक्षा होते ती घरच्यांची. एके दिवशी आबा डेअरीच्या बाजूला निघाले, तर आतून आवाज आला, “अहो, जाताच आहात तर सरकी पेंडीची दोन पोती टाकून आणा मागं.” आबा जागीच थबकले. या गाडीत पेंड! हौद्यात नवं रबरी अस्तर, वर कुलूपवालं झाकण, आणि त्यात पेंड! “लोक काय म्हणतील?” एवढंच आबांच्या तोंडून निघालं. पेंड शेवटी छोट्या हत्तीतून आली, भाडं देऊन. मोसंबीचे क्रेटही तसेच जातात. आबा आपल्या मालाच्या मागोमाग पांढऱ्या पाटीच्या पिकपमधून एकटेच मार्केटला पोचतात. हौदा रिकामा, एसी चालू. आडतवाला उठून उभा राहतो. क्रेट उतरवणाऱ्या छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरला मात्र तोच म्हणतो, “ए, बाजूला घे रे.”

डिझेलचा खर्च आबा लोकांना सांगत नाहीत, सर्व्हिसिंगचं बिल घरी दाखवत नाहीत. सर्व्हिसिंगसाठी पन्नासेक किलोमीटर शहरात जावं लागतं, पण त्यातही एक सोय आहे: निदान महामार्गावर गाडी धावते तरी. हप्त्याची तारीख जवळ आली की आबा जरा अबोल होतात. त्या दिवशी बाग बघायला जातात आणि प्रत्येक झाडाकडे वसुली अधिकाऱ्याच्या नजरेने बघतात. फळगळ झाली तर त्यांना आधी टायरचा एक कोपरा गेल्याचं दिसतं, मग मोसंबी.

आता ही गाडी एखाद्या पावसात काळ्या रानात रुतेल, शेजारच्या ट्रॅक्टरला टोचन लावावं लागेल आणि आबांची जिरेल, अशी वाट बघणाऱ्या वाचकांची निराशा होणार आहे. ती रुतत नाही. रुतायला आधी रानात जावं लागतं. गेल्या पावसाळ्यात बांधावरून हाका आल्या होत्या: “आबा, ट्रॉली रुतलीय, तुमची फोर बाय फोर आणा की!” आबांनी फोनवरून सविस्तर मार्गदर्शन केलं. मागच्या चाकाखाली दगड टाका, पऱ्हाट्या टाका, ट्रॉली अर्धी रिकामी करा. ट्रॉली निघाली. निघाली ती दुसऱ्या ट्रॅक्टरने, पण मार्गदर्शन आबांचंच होतं, आणि संध्याकाळी स्टँडवर चर्चाही आबांच्याच गाडीची झाली: तिने काढली असती तर एका झटक्यात निघाली असती.

हे ‘असती’ फार मोलाचं आहे. बैल वर्षभर ओढतो आणि पोळ्याच्या एका दिवशी पुरणपोळी खातो. ट्रॅक्टर वर्षभर ओढतो आणि दसऱ्याला झेंडूचा एक हार घालून घेतो. पांढरी पिकप वर्षभर काहीच ओढत नाही आणि तिला रोज सकाळी फडकं मिळतं, रोज संध्याकाळी उदबत्ती मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणला, मालवाहू गाड्यांवरचा 28 वरून 18 वर, आणि मोठ्या आलिशान मोटारींना 40 टक्क्यांत बसवलं. सरकारला वाटलं आपण श्रमाला सवलत दिली. स्टँडवरच्या मंडळींनी त्यातून एवढंच वाचलं की सरकारदप्तरीही इज्जतीचा दर 40 आहे आणि कष्टाचा 5.

यात आबांना एकट्यालाच का हसायचं? आपल्या तालुक्यात नाथसागर आहे, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत त्याचं नाव घेतात. आणि त्याच पैठण तालुक्यातल्या गावांना दुष्काळाच्या उन्हाळ्यात टँकर लागतो. 2012-13 च्या दुष्काळात तर लोकांनी पदरमोड करून टँकरच्या पाण्यावर मोसंबीची झाडं जगवली, नाहीतर तोडून सरपणाला लावली. ते टँकर कुणी ओढले? ट्रॅक्टरने. क्षमता धरणाकडे होती, ओढणं ट्रॅक्टरकडे.

मराठवाड्याचा अनुशेष ओढून काढायला 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ बसवलं. 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. तेव्हापासून ते परत आणण्याची मागणी होते, ठराव होतात, आश्वासनं होतात. सप्टेंबर 2023 मध्ये अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, बैठक झाली, 45 हजार कोटींहून मोठ्या आकड्याची घोषणा झाली. काय ती अश्वशक्ती! नुसत्या आकड्यानेच रस्त्यावरची माणसं बाजूला झाली. हूकही होता, क्रोमचा. तालुक्यातल्या शेवटच्या वाडीची ट्रॉली त्याला कुठे अडकवायची, एवढंच तेवढं राहून गेलं. जुलै 2024 मध्ये टोयोटाने संभाजीनगरात सुमारे 20 हजार कोटींचा कारखाना टाकण्याचा करार केला, जागा ठरली ती आपल्याच तालुक्यातल्या बिडकीनला. आबांना याचा मनापासून आनंद झाला. तिथे गावच्या किती पोरांना काम लागेल हे त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “बरं झालं, सर्व्हिसिंग जवळ आलं.”

ज्यांना खरोखर काही ओढायचं आहे, त्यांच्यासाठी मात्र सल्ला देणं भाग आहे. पाचोडच्या आठवडी बाजारात जाऊन बैलाचा सौदा बघा. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला. मग पाठीवर थाप मारतं, खूर बघतं, चालवून बघतं. मन भरलं नाही तर म्हणतं, “जुंपून दाखवा.” बैल जुंपला जातो, भरल्या गाडीला खांदा देतो की मान टाकतो हे चारचौघांत दिसतं, आणि त्यानंतरच रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. शिंगांना रंग किती सुंदर लावलाय, यावर आजवर कुणी बैल घेतला नाही. पिकप घेताना, आणि पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावताना, हेच गिऱ्हाईक शिंगांचा रंग बघून परत येतं.

आबांना हे सगळं ऐकवलं. ते रागावले नाहीत, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत हसले. कार्यकर्त्यांचा आग्रह आहे, म्हणाले, येत्या निवडणुकीला उभं राहावं म्हणतो. राहावं, अवश्य राहावं. अंगात ताकद असून जागेवर उभं राहण्याचा एवढा दांडगा सराव तालुक्यात दुसऱ्या कुणाला आहे?