किटमध्ये काय काय येतं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं एक चिमुकलं गाव आहे. ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ ही १९३३ साली स्थापन झालेली संस्था तिथे ठासणीच्या बंदुकांची जत्रा भरवते. एका अंगाला नेमबाजीच्या स्पर्धा आणि दुसऱ्या अंगाला दुकानं: शिंगाच्या दारूदाण्या, शिशाच्या गोळ्या, गजाच्या काठ्या, गंजलेल्या नळ्या. या दुकानांपुढे दोन नमुने हमखास दिसतात. एक हौशी. याने चाच्यांचे सिनेमे पाहिलेले असतात. दुसरा मुरलेला. याच्या नखांतलं काळं कुठल्याच साबणाने निघत नाही.

“चकमकीचं पिस्तूल हवंय,” हौशी म्हणाला. “स्वतः जोडायचं, स्वतः उडवायचं. आणि स्वस्तात.”

“स्वस्त म्हणजे घेताना, की उडवताना?”

“त्यात फरक असतो?”

मुरलेल्याने एक स्टूल पुढे सरकवलं. उत्तर लांबणार, हे हौशीने ओळखायला हवं होतं.

हौशीने कॅटलॉगातल्या एका चित्रावर बोट ठेवलं. “हे घेतो. केंटकी पिस्तूल. माल कसा अस्सल हवा.”

“असली पिस्तुलं त्या काळी बहुतेक पेनसिल्व्हेनियात घडायची. आणि हे किट येतं इटलीहून. ब्रेशाजवळ गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया आहे, तिथल्या पेदेरसोलीच्या कारखान्यातून.”

“मग केंटकीत काय होतं?”

“कोंबडी तळतात.”

हौशीने पान उलटलं. “हे ट्रॅडिशन्सचं बघा. कंपनी कनेक्टिकटची. म्हणजे आपलीच!”

“कंपनी आपली, बंदूक स्पेनची. माल वाईट नाही, खिशालाही परवडतो. पण नीट वाच, हे केपाचं आहे. केपाचं सोपं असतं. केप बसवली, घोडा पडला, बार झाला. चकमकीच्या पिस्तुलात गारेचा तुकडा, पोलाद, रंजक आणि कान या चौघांचं एकमत व्हावं लागतं. चौघं कधी एका वेळी खुशीत नसतात.”

“आणि हे? सगळ्यांत स्वस्त. पितळेचं काम काय झकास आहे!”

“ते भारतातलं. दिसायला देखणं. पण त्याला कानच नाही.”

हौशीने चित्र डोळ्यांजवळ नेलं. मुरलेला खरंच सांगत होता. भारतात बनलेल्या अशा अनेक प्रतिकृती कान न पाडता, शोभेची वस्तू म्हणून परदेशी जातात. रंजकाची आग नळीतल्या दारूपर्यंत नेणारं भोकच नाही म्हटल्यावर कागदोपत्री ती बंदूक नव्हे. घेणारे घरी ड्रिल मशीन काढतात आणि तिची बंदूक करतात.

“मीही पाडतो की भोक!”

“भोक पाडशील रे. पण ती नळी किती सोसेल हे कोण सांगणार? इटलीच्या नळीवर तिथल्या सरकारी चाचणीचा शिक्का असतो. आधी भरपूर दारू ठासून बार काढून बघतात, मग शिक्का मारतात. अमेरिकेत अशी सक्ती नाही. त्यामुळे इथे शिक्का नसलेली नळी घेतलीस, तर चाचणी तूच घ्यायचीस. भिंतीवर लावायचं असेल तर खुशाल घे, शोभून दिसेल.”

कायद्याचा विचार हौशीने केला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार चकमकीच्या पिस्तुलाची प्रतिकृती ‘फायरआर्म’ या व्याख्येत बसतच नाही. त्यामुळे बऱ्याच राज्यांत ते पुस्तकासारखं टपालाने घरी येतं. काही राज्यांचे कायदे मात्र याहून कडक आहेत. आपल्याकडे भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. पिकात शिरणारी रानडुकरं हाकलायला तीच बंदूक बाळगणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हौशीचं हे सुख सांगितलं, तर तो आधी हसेल आणि मग विमानाचं तिकीट विचारेल.

“बरं, मग बघायचं काय?” हौशीने वही काढली.

“घोड्याची कळ. बाकी सगळं नंतर. लाकूड वाकडं असेल तर तासता येतं, पितळ काळं पडलं तर घासता येतं. कळ रडकी निघाली तर मग तूही रड. घोडा पडला की गार पोलादाला खरवडते. उडतात ते पोलादाचे पेटलेले कण, गारेचे नव्हेत. पोलाद मऊ असेल तर ठिणगी नाही आणि ठिणगी नाही तर पिस्तूल म्हणजे नुसता दांडका. पिस्तुलाची कळ लहान, म्हणून ती जास्तच लाडावलेली. चांगली कळ सुटी घ्यायला गेलास तर तिचेच दोनेकशे डॉलर जातात. म्हणून किट निवडताना चित्र बघू नये, कळ बघावी.”

“गार किटमध्ये येते?”

“आली तर एखादी येते. झिजते, म्हणून जास्तीच्या घेऊन ठेव.”

“दारू?”

“नाही. आणि काळीच घे. सोरा पंच्याहत्तर टक्के, कोळसा पंधरा, गंधक दहा. बदली म्हणून पायरोडेक्स मिळतं. केपाला चालतं, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते, रंजकाच्या फुरफुरीला दाद देत नाही. तू चाप ओढणार, कानाशी फुस्स होणार आणि लोक तुझ्याकडे बघणार.”

“कानस?”

“नाही.”

“लाकडाला तेल? नळीचा रंग?”

“नाही, नाही. जवसाचं तेल आण. नळी ब्राऊन करायचं औषध वेगळं. पॉलिश पेपर किती लागेल ते विचारूच नकोस. आणि संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवायची. दारूची राख ओल धरते, आज आळस केलास तर उद्या गंज. भांड्यांचा साबण चालतो, फक्त घरात कोणाला सांगू नकोस.”

हौशीची वही भरत आली होती. किटच्या किमतीखाली त्याने बेरीज मांडली, खोडली, पुन्हा मांडली. शेवटी त्याने पेन ठेवलं. “चालेल. इटलीचंच घेतो. मग पहिला बार कधी काढू?”

“पहिला बार हातात धरून काढायचा नाही. नळी शिक्क्याची असली तरी जोडणारा तू आहेस. पिस्तूल जुन्या टायरला करकचून बांध, चापाला लांब दोरी लाव आणि ओढ.”

“आणि मी कुठे उभा राहू?”

“झाडामागे.”

हौशीने वही पुन्हा उघडली. “दोरी किटमध्ये येते?”

“दोरीचे वेगळे पडतील,” मुरलेला म्हणाला आणि त्याने खोक्यातून गुंडाळी काढली.