तिसरा पंप

आमच्या गावात आबा चार. एक तालमीचे आबा, एक सोसायटीचे आबा, एक नुसतेच आबा आणि चौथे पंपआबा. या चौथ्यांचा पेट्रोलपंपाशी किंवा विहिरीवरच्या मोटारीशी काही संबंध नाही. त्यांच्याकडे २००८ सालची पिकअप आहे आणि तिचा ब्रेक तिसऱ्या पंपाला लागतो, म्हणून ते पंपआबा. पहिल्यांदा पाय दिला की पेडल तळाला जाऊन टेकतं आणि गाडी आपल्या वाटेनं चालत राहते. दुसऱ्यांदा दिला की तिला थोडी शंका येते. तिसऱ्यांदा मात्र थांबते. हे आबा इतक्या सफाईनं करतात, की शेजारी बसलेल्या नवख्या माणसाला वाटावं, गाण्यावर पायानं ठेका धरलाय. गाणं लागलेलं असतंच. गाडीतला टेप उत्तम चालतो.

"ब्रेक फेल हाये असं म्हणू नका मास्तर," आबा मला एकदा म्हणाले. "फेल म्हंजी न्हाईच. आपला हाये. जरा उशिरा येतो."

उशिरा येणाऱ्यांबद्दल आबांना एकूणच माया. मुक्कामाची एसटी उशिरा येते, पाऊस उशिरा येतो, पीकविम्याचे पैसे तर विचारूच नका. म्हणून काय ते नाहीतच असं धरायचं?

आबांची खरी श्रद्धा वेगळीच आहे. दोष माहीत झाला की दुरुस्ती झाली, असं ते मनापासून मानतात. ही जात आपल्याकडे दांडगी आहे. 'त्या बटणाला हात लावू नका हं, शॉक बसतो' असं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दहा-दहा वर्षं सांगणारी घरं मी पाहिली आहेत. वायरमनला एकदा बोलावलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मग पाहुण्याला सांगायचं काय? आबांच्या गाडीत अशी सांगण्यासारखी बटणं पुष्कळ. डावं दार आतून उघडत नाही. काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरून उघडायचं. आणि ब्रेक लागला की गाडी डावीकडे ओढते. यावर आबांचं उत्तर तयार: "ती डावीकडं वढती, मी स्टेरिंग उजवीकडं धरतो. दोघं मिळून सरळ."

गाडी डावीकडे का ओढते, हे फाट्यावरच्या मिस्त्रीनं मला सांगितलं होतं. मागच्या उजव्या चाकातल्या सिलिंडरची रबरं गेली आहेत. तिथून तेल झिरपतं, ते लायनरवर पसरतं, मग उजवं चाक तुपात बुडवल्यासारखं फिरत राहतं आणि ब्रेकचा सगळा भार डाव्यावर येतो. लायनरही झिजलेले. दोन्ही मिळून पहिल्या पंपाचं तेल नुसती झिजेची पोकळी भरण्यात संपतं. दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला टाकीतून आणखी तेल उतरतं, तेव्हा कुठं लायनर ड्रमला टेकतो. "आबाला म्हटलं, सिलिंडर बदलू, लायनर टाकू, दुपारपर्यंत गाडी देतो," मिस्त्री म्हणाला. "तर मलाच विचारतो, मग मी दुपारपर्यंत काय करू?"

हँडब्रेक आहे. म्हणजे दांडी आहे. तिच्यावर आबांचा पंचा वाळत असतो. हँडब्रेकचं काम एक दगड करतो. मांडवी नदीतून निवडून आणलेला, एका बाजूनं उतरता, पाचेक किलोचा काळा दगड. त्याची जागा डाव्या सीटखाली. गाडी थांबली की डाव्या बाजूला बसलेल्यानं उतरून तो चाकाखाली सारायचा. गाडीत बसणाऱ्याकडून आबा भाडं घेत नाहीत ते या कामापोटी. दसऱ्याला काकी गाडीची पूजा करतात तेव्हा दगडालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल असतं. मी म्हणतो, त्याचा मान पहिला हवा. मढला एकदा चहाला थांबलो असताना चाकाखालच्या त्या कुंकू लावलेल्या दगडाला एका म्हातारीनं वाकून नमस्कार केला आणि एक रुपया ठेवला. आबांनी तो उचलून डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे टाकला. "त्याचं त्याला," म्हणाले.

आबा कंजूष आहेत असा कुणाचा समज होईल, तर तसं नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो कडाडला, नारायणगावला वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा ज्यांच्या वावरात माल उभा होता त्यांच्या हातात पैसा खेळला. आबांचाही तीस गुंठ्यांचा प्लॉट होता. त्या पैशातला मोठा वाटा त्यांनी गाडीवरच खर्च केला. मागच्या पाट्यांत दोन-दोन पाने वाढवली. कपाळावर दिव्यांची पट्टी बसवली. हॉर्न असा बसवला की एसटीचे ड्रायव्हरही वळून बघतात. 'हॉर्न ओके प्लीज' हे मागचं वाक्य मालवाहू गाड्यांवर लिहायला २०१५ पासून आपल्या राज्यात मनाई आहे, ते खोडून तिथं मोर काढून घेतला. मी विचारलं, "आबा, आणि ब्रेक?"

"मास्तर, हिशेब करा. पाटा वाढवला की चाळीस कॅरेट जादा बसत्यात. पाटा पैसे कमावतो. ब्रेक काय कमावतो?"

मी तेवीस वर्षं गणित शिकवलं. याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. जादा माल भरला तर २०१९ पासून दंड वीस हजार आणि वर दर टनाला दोन हजार, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "दंड घावला तर," आबा म्हणाले. "भाडं रोज हाये."

पासिंगचं मात्र आबा मनावर घेतात. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी. त्या दिवशी भाच्याच्या गाडीची टायरं हिला येतात, लायनर घासून लावले जातात, ड्रम पुसले जातात, ब्रेकमधली हवा काढली जाते, दिवे लागतात. वर्षातला एक दिवस ती निरोगी असते. संध्याकाळी टायरं भाच्याकडे परत जातात. झिरपणारं सिलिंडर मात्र तिथंच असतं, त्यामुळे आठवड्याभरात पंपही पुन्हा तीन होतात.

आता आषाढातल्या त्या रविवारची गोष्ट सांगतो. कल्याणच्या मार्केटला माल जायचा होता. एकशे दहा कॅरेट, त्यातली माझी चाळीस. एका कॅरेटात वीस किलो, म्हणजे नुसता टोमॅटोच २,२०० किलो. गाडीच्या कागदावर मर्यादा सव्वा टनाची. मागच्या वेळची पट्टी आडत्याकडे अडकली होती, ती आणायची म्हणून मी सोबत निघालो. चारला ओतूर सोडलं. डिंगोरे गेलं, मढ गेलं, खुबी फाट्यापासून धुकं सुरू झालं आणि माळशेजच्या तोंडाशी धबधबे बघायला आलेल्या मोटारींची रांग लागली.

ज्या गिअरात गाडी चढवायची त्याच गिअरात उतरवायची, हा घाटाचा नियम आबांनी स्वतः गावातल्या चार पोरांना शिकवला आहे. त्याप्रमाणे दुसरा गिअर हवा होता. पण दुसऱ्या गिअरात इंजिन ओरडतं आणि गाणं ऐकू येत नाही. शिवाय मार्केट गाठायचं होतं. म्हणून तिसरा गिअर आणि ब्रेकवर कायमचा पाय, असा आमचा उतार सुरू झाला. एक-दोन-तीन, सोड. एक-दोन-तीन, सोड. मला डुलकी येऊ लागली होती.

मग वास आला. जळक्या लायनरचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही; तव्यावर चप्पल भाजावी तसा.

"आबा, वास येतोय."

"फुडच्या गाडीचा."

पुढे एक सायकलवाला होता.

बोगदा मागे पडला आणि एका वळणावर आबांचा ठेका चुकला. एक-दोन-तीन. चार. पाच. मी पायाकडे पाहिलं. पेडल पत्र्याला चिकटलं होतं आणि आबांच्या बुटाखालून वर येण्याचं नाव घेत नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदाच पाहिली. पण आवाज असा, जणू पाहुण्याला पाणी देतायत: "मास्तर, दगड घ्या."

मी दगड घेतला. मांडीवर घेतला. उतरणार कुठून? गाडी पळत होती, डावं दार आतून उघडत नव्हतं, आणि काच पावसासाठी वर केलेली. आबांनी हॉर्नवर एक हात ठेवला आणि दुसऱ्यानं गिअर दुसऱ्यात कोंबला. खालून असा आवाज आला की मला आमची शाळेची जुनी घंटा आठवली. वेग थोडा तुटला. पुढच्या वळणाच्या आत रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. ते काम कित्येक दिवस रखडलं होतं आणि त्या ठेकेदाराला मी स्वतः गावातल्या पारावर शिव्या दिल्या होत्या. त्या शिव्या मी इथं जाहीर मागे घेतो. आबांनी चाक वळवलं, गाडी खडीच्या ढिगात गुडघाभर शिरली आणि थांबली. गाणं चालूच होतं.

वरची पंधरा-वीस कॅरेट रस्त्यावर आली. माळशेजच्या माकडांना इतका ताजा माल कधी मिळाला नसेल; ती एकेक उचलून, चाचपून, पिकलेला तेवढा ठेवून कच्चा फेकत होती. आडत्यापेक्षा बरी पारख. एका पोरानं धावत येऊन डावं दार बाहेरून उघडलं. आत धोतरटोपीतले आबा आणि मांडीवर कुंकू लावलेला दगड घट्ट कवटाळून बसलेला मी. पोरगं जरा थबकलं आणि हळूच म्हणालं, "काका, कुठल्या देवाला निघालात?"

अर्धा-पाऊण तास आम्ही खडी उपसत होतो. मग आबा पुन्हा सीटवर बसले. पाय दिला. एक, दोन, तीन. पेडल टणक.

"हाये की!" आबा ओरडले. "मास्तर, बघा! ब्रेक हाये!"

आणि खरोखरच होता. या प्रसंगात मला सगळ्यांत भयंकर वाटतं ते हेच. मिस्त्रीनं नंतर उलगडा केला. सीटमागे आबांची ब्रेक ऑइलची बाटली असते, तीन वर्षांपूर्वी फोडलेली, बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. हे तेल हवेतलं पाणी पितं. बाटलीवर 'डॉट ३' लिहिलेलं असतं. ते तेल ताजं असताना दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की एकशे चाळीसच्या आसपासच उकळायला लागतं. घाटात ड्रम तापले, तेल उकळलं, नळीत वाफ झाली. तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते, मग पंप तीन मारा नाहीतर तेरा. थांबल्यावर गाडी निवली, वाफेचं परत तेल झालं आणि ब्रेक जागच्या जागी. पुरावा काही राहत नाही. मिस्त्री सांगत होता आणि आबा समाधानानं मान हलवत होते. "म्हंजी दोष न्हाईच," ते म्हणाले. "निवायला द्यायची फक्त."

मी त्या दिवशी माळशेजमधूनच एसटीला हात केला. आबा दुसऱ्या गिअरात, गाणं बंद करून पुढे गेले आणि कल्याणला माझ्याआधी पोचले. हे ते अजून सांगतात.

गाडी अशीच चालली असती. पण दिवाळीनंतर आबांची धाकटी मुलगी बाळंतपणाहून सासरी जायची होती, मुरबाडच्या पलीकडे, याच घाटातून. पाळणा, डिंकाचे लाडू, गाद्या, एवढं सामान न्यायला जावई म्हणाले, तुमची पिकअप द्या, मीच चालवतो. ही आणि बाळ पुढे बसतील. आबा हो म्हणाले. जावयाला कोण नाही म्हणतं? त्या रात्री काकींनी पाहिलं, आबा ओसरीवर नुसते बसून होते. सकाळी सहाला गाडी मिस्त्रीच्या दारात. चारी सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनर, नळ्या, हँडब्रेकची केबल, नवं तेल, आणि न सांगता डाव्या दाराचं हँडलही. मिस्त्रीनं आकडा सांगितला, आबांनी घासाघीस केली नाही. मिस्त्रीला ताप आल्यासारखं वाटलं म्हणे.

मी विचारलं, "आबा, जावयाला तीन पंप सांगितले असते की."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकरू पुढं बसणार होतं वो."

गाडी परत आली त्याला आता तीन महिने झाले. ब्रेक पहिल्या पंपाला लागतो, आणि तोही कडक. पण आबांचा पाय जुनाच आहे. चौकात कुत्रं आडवं आलं की तो सवयीनं एक-दोन-तीन मारतो आणि गाडी जागेवर तीन गचके खाऊन उभी राहते. आबांच्या कपाळाला टेंगूळ आहे. कॅरेटं पुढे सरकून केबिनला धडकतात. दगड सीटखालून घरंगळत येऊन आबांच्या पायाशी बसतो. "असला ब्रेक काय कामाचा," आबा तक्रार करतात, "सांगायच्या आत लागतो."

तेव्हा माळशेजच्या रस्त्याला मोर काढलेली पिकअप दिसली तर इतके दिवस आम्ही सांगत होतो, तिच्या पुढे राहू नका. आता मागे राहू नका. निदान चार गाड्यांचं अंतर ठेवा.