येळवशीला हायकिंग

"मामा, डोंगर आणि समुद्र एकाच वेळी दिसेल अशी एखादी वाट आहे का हो इथं जवळपास?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा मी दाढी करत होतो. गालाला पातं लागलं. रेणापूरकराला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले आहेत. पाणी कधी सुटणार, सोयाबीनला भाव काय, पिंपळफाट्यावर लातूरची गाडी थांबेल का? समुद्राचं मात्र कोणी काढलं नव्हतं.

पिंटू इटलीत जिनोआला नोकरी करतो. नाताळच्या सुट्टीत आला होता. तिकडं दर रविवारी हे लोक चालायला जातात. चालत कुठं जातात? तर कुठंच नाही. निघतात, दमतात आणि परत येतात. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. कड्याला घरटी लटकावीत तशी पाच गावं, खाली निळंशार पाणी, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी पायवाट. चिंक्वे तेर्रे म्हणतात त्या मुलखाला. त्यातल्या दोन गावांमधल्या वाटेचं नाव 'प्रेमाची वाट'. 2012 मध्ये तिच्यावर दरड कोसळली आणि ती बंद झाली, ती 2024 मध्ये उघडली. बारा वर्षं रस्ता बंद, हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. पण पुढं कळलं की ही वाट एक किलोमीटरसुद्धा नाही, आणि तिच्यावर चालायचं तर वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. शिवाय साध्या चपला घालून तिथल्या डोंगरवाटांवर गेलं तर दंड. मी गुपचूप पाय खुर्चीखाली घेतले.

आता आमच्या समुद्राचं सांगतो. रेणा नदी मांजराला मिळते, मांजरा कंदकुर्तीला गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे कागदोपत्री समुद्राशी आमचं नातं आहे, फक्त चुलत-चुलत आहे. जवळचं पाणी म्हटलं तर भंडारवाडीचं धरण, रेणा मध्यम प्रकल्प. 'मध्यम' हा शब्द सरकारनं प्रामाणिकपणे वापरलेला मी एवढ्या एकाच ठिकाणी पाहिला.

पिंटूला मात्र हसू आलं. "मामा, धरण आटतं. भूमध्य समुद्र कसा आटेल?"

मी भूगोल शिकवण्यात जन्म घालवलाय. त्याला बसवलं आणि सांगितलं, बाबा, तुझा भूमध्य समुद्रसुद्धा आटला होता. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकचं पाणी आत येणं बंद झालं, वरून ऊन, बाष्पीभवन चालूच. समुद्राचा बराचसा भाग आटून तळाला मिठाचे थरच्या थर साचले. आमच्या भाषेत मृतसाठा. मग सुमारे 53 लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरकडून पाणी आत घुसलं आणि तो पुन्हा भरला. आमच्या लातूरचंही तेच, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फरक एवढाच की जिब्राल्टरला हार घालायला कोणी स्टेशनवर गेलं नव्हतं.

तर धरणापर्यंत चालत जायचं ठरलं. तारीख 30 डिसेंबर 2024, सोमवार. मी कॅलेंडरात पाहिलं नाही, आणि हीच माझी चूक. त्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या होती. वेळ अमावस्या. आमची येळवस.

परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. येळवशीला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. बाजार बंद, रस्ते ओस. नवख्याला वाटावं संचारबंदी लागली. सगळी माणसं शेतात असतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, पिकात आंबील शिंपायची आणि मग जेवायचं आणि जेवू घालायचं. ज्याला शेत नाही त्याला बोलावणं असतं. ज्याला बोलावणं नाही त्याला वाटेवरून धरून आणतात. माझ्याजवळ शेत नाही. पण गावातल्या निम्म्या शेतकऱ्यांना मी शिकवलेलं आहे.

घरातून निघताना बायको म्हणाली, "चालत जाऊलालाव? आज?" आणि हसून भावाच्या शेताकडं निघून गेली. "दुपारला या तिकडंच." एवढंच.

पिंटूनं पायात घोट्यापर्यंतचे बूट चढवले, हातात दोन काठ्या घेतल्या, पाठीवर पिशवी. तिच्यातून एक नळी थेट तोंडापाशी आलेली, पाणी ओढायला. मनगटावर घड्याळ. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं आणि माणूस फार वेळ बसला की कुरकुरतं. वेशीबाहेर पडलो नाही तोच एक मोटारसायकल थांबली.

"सर, गाडी पंक्चर झाली का?"

"नाही. चालत निघालोय."

"कुठं?"

"धरणाकडं."

"काय झालं तिकडं?"

"काही नाही. बघायला."

त्यानं पिंटूच्या काठ्यांकडं पाहिलं, चेहरा पाडला आणि हळूच मला विचारलं, "पायाचं काय ऑपरेशन झालंय का पाव्हण्याच्या?" 'नाही' म्हटल्यावर तो जास्तच काळजीत पडला. पुढच्या अर्ध्या तासात दोन जीप, एक ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी आमच्यासाठी थांबली. इटलीतल्या वाटेवर दरड पडते, आमच्या वाटेवर माया पडते. चालू देत नाहीत.

म्हणून रस्ता सोडून बांधानं निघालो. ही दुसरी चूक.

पहिली कोप लागली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. चाळीस वर्षांपूर्वी याला मी अक्षांश-रेखांश समजावू शकलो नव्हतो. त्यानं मात्र आमचं स्थान बरोबर हेरलं. "सर आले, सर आले" म्हणत अख्खी कोप बाहेर आली. त्याची म्हातारी आई भुईवर बसली होती. तिनं समोर मातीचं बिंदगं ओढलं, तोंडावरचं फडकं बाजूला केलं, आत हात बुडवून पळीनं तळ ढवळला. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेलं, वर लसणाचा वास, कडेला जिऱ्याचे दाणे. वाटी पिंटूपुढं आली. त्यानं नळीतून पाणी ओढण्याच्या सवयीनं एक बारीक घोट घेतला. म्हातारी थांबून बघत होती. त्यानं दुसरा घेतला. मग वाटी रिकामी केली. "आणिक वाढा की त्याला," म्हातारी सुनेला म्हणाली, "किती वाळलंय पोरगं. तिकडं जेवाय देत नाईत का?"

मग भज्जी आली. भजी नव्हे, भज्जी. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी आणि बेसन, सगळं एकत्र शिजलेलं. सोबत बाजरीचे उंडे. पिंटूनं यात काय काय घातलंय ते विचारलं. सुनेनं मोजायला सुरुवात केली, आणि आम्ही निघालो तरी ती मोजतच होती.

दुसऱ्या कोपीत तिळाची पोळी. तिसऱ्या कोपीत गव्हाची खीर. चौथ्या कोपीत आम्ही ओळखीचे नव्हतो. वाटलं सुटलो. तिथं तर जास्तच आग्रह झाला, कारण अनोळखी माणूस उपाशी गेला तर शेताला बरं नसतं म्हणे. पाचवीपासून मी मोजणं सोडलं. घड्याळ मोजत होतं. बारा वाजता त्यानं चार किलोमीटर दाखवले, त्यातला एक तरी पंगतीत उठल्या-बसल्याचा असावा.

मधला हरभऱ्याचा पट्टा ओलांडताना पिंटूच्या महागड्या बुटांना पानांवरचा आंबट आंब लागला. हे बूट पाण्याला दाद देत नाहीत म्हणून तो सांगत होता. हरभऱ्याचं त्या कंपनीला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. बुटांवर पांढुरके ओघळ वाळले. मी चपलेतला पाय बांधावरच्या गवताला पुसला.

सातव्या की आठव्या कोपीत पिंटू आडवा झाला. कडब्यातून उन्हाच्या काड्या त्याच्या तोंडावर पडल्या होत्या. घड्याळ कुरकुरलं. नंतर त्यानंच विचारलं, व्यायाम संपला का? मी घड्याळावर टोपी टाकली.

धरण दिसलं ते चारच्या सुमाराला, माळावरून. हा आमचा खडकाळ डोंगर. उंची विचारू नका. पण दगड अस्सल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, त्यावर तरवड, हिवर आणि एक शेळी. खाली पाणी पसरलेलं, पलीकडचा काठ धूसर. एवढ्या अंतरावरून 'मध्यम' हा शब्द दिसत नव्हता. पिंटू काठ्यांवर रेलून बराच वेळ उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "मामा, ढेकर येतोय, पण वाकता येत नाही."

परतीला ट्रॅक्टर मिळाला. आम्ही हात केला नव्हता. अंधार पडताना शेताशेतातून हेंडगे पेटले. कडब्याचे पेटते पलिते घेऊन पोरं पिकाभोवती पळत होती. पिंटू म्हणाला, रात्री गाडीतून कड्यावरची गावं अशीच दिसतात. मग लगेच म्हणाला की नाही, ती हलत नाहीत.

मेहुण्याच्या शेतापाशी ट्रॅक्टर थांबला. कोपीबाहेर बायको कमरेवर हात देऊन उभी होती. मागं दोन पत्रावळी मांडलेल्या, बिंदग्यावर झाकण तसंच.

"दिसभर कुठं होताव? पोराला उपाशी फिरिवलाव का?"

पिंटूनं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं पाहिलं. त्यानं घड्याळ सोडून खिशात टाकलं, बूट काढले आणि मांडी घातली.

"मामी," तो म्हणाला, "आंबील आधी."